चाकावरचा पांढरा ठिपका

रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्यांची चाकं कोणी निरखून बघत नाही. मी बघतो. आमच्या रत्नागिरीत काही गाड्यांच्या रिमच्या काठावर वाटाण्याएवढा पांढऱ्या रंगाचा ठिपका असतो. ठिपक्याचा अर्धा भाग रिमवर आणि अर्धा तिथे अडकवलेल्या छोट्या वजनावर. ही सगळी चाकं माझ्या एका मित्राच्या टायरच्या दुकानातून आलेली. लोकांना वाटतं, ती दुकानाची खूण आहे. आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी तर मला सांगितलं होतं की गाडीला दृष्ट लागू नये म्हणून तो लावतात. मी मान हलवली होती.

तो ठिपका माझ्यामुळे सुरू झाला. हे वीस वर्षं दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि मला, आणि आम्ही दोघांनीही त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. आता मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. त्या वेळी ज्यांनी माझ्या मित्राला नावं ठेवली, त्यांतले काही आता नाहीत. जे आहेत त्यांनी तरी खरं काय ते वाचावं, म्हणून लिहितो आहे.

मित्र माझ्या शाळेतला. मी सरकारी कचेरीत कारकून झालो, तो बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर पंक्चर काढायला बसला. पुढे त्याने स्वतःचं दुकान घातलं आणि एक दिवस चाकांचं बॅलन्सिंग करायचं मशीन आणलं. ते मशीन बघायला आम्ही चार मित्र मुद्दाम गेलो होतो. त्याने एक चाक दांड्यावर चढवलं, आवळलं आणि फिरवलं. चाक घोंघावत फिरलं, थांबलं, आणि दोन आकडे उमटले, एक चाकाच्या आतल्या बाजूचा, एक बाहेरच्या. चाक दिसायला कितीही गोल असलं तरी त्याची एखादी बाजू जड असतेच, असं त्याने आम्हाला समजावलं. हळू चालवताना ते कळत नाही. वेग वाढला की तेवढ्यानेच स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग हलक्या बाजूला रिमच्या काठावर शिशाचा तुकडा ठोकून बसवायचा. दहा ग्रॅम, पंधरा, वीस. प्रत्येक तुकड्यावर त्याचा आकडा उठवलेला असायचा.

इतर दुकानांत आकडा पाचावर आला की चाक उतरवतात. माझा मित्र शून्य आल्याशिवाय उतरवायचा नाही. आणि शून्य आल्यावरही चाक सोडवून, अर्धा फेरा वळवून परत आवळायचा आणि पुन्हा फिरवायचा. गिऱ्हाईक घड्याळ बघत असलं तरी. एकदा मी म्हटलं, अरे, आलं ना शून्य. तर म्हणाला, "आवळण्यात चूक असली तरी मशीन शून्य दाखवतं. दोनदा विचारलं की खरं बोलतं."

रविवारी आम्ही दोघं गरवायला जायचो. मिऱ्याच्या बाजूला खडकांवर उभं राहून गरी टाकायची. खडकांत गरी अडकते, दोर तुटतो आणि गरी बुडावी म्हणून दोराला बांधलेलं शिसं समुद्रात जातं, त्यामुळे शिसं कितीही असलं तरी पुरत नाही. पण माझी सोय होती. जुन्या चाकांवरून उतरलेले तुकडे मित्र दुकानात एका पत्र्याच्या डब्यात टाकायचा आणि मी त्यातून मूठभर उचलायचो. मुंबईकरांच्या गाड्यांनी आमच्याकडच्या किती माशांना बुडवलं, असं आम्ही हसायचो.

वीस वर्षांपूर्वी मे महिन्यात माझा मोठा भाऊ मुंबईहून पहिल्यांदा स्वतःच्या गाडीने आला. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, माझं शिक्षण त्याने केलं. वाडीत त्याच्या शब्दाला मान होता, आजही आहे. गाडी जुनीच घेतलेली होती, पण त्याने तिला चार नवीन टायर टाकायचं ठरवलं आणि मी अभिमानाने त्याला मित्राच्या दुकानात घेऊन गेलो. मित्राने अर्धा दिवस त्या एका गाडीला दिला. दादाने बाकावर बसून सगळं पाहिलं. निघताना मला म्हणाला, तुझा मित्र कामाचा माणूस आहे. ते वाक्य मी तसंच्या तसं मित्राला जाऊन सांगितलं. तो लाजला होता.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून मित्र गुहागरला सासुरवाडीच्या बारशाला गेला. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी पाणी फार छान होतं. दादा आणि वहिनी शुक्रवारी निघणार होते, आणि वहिनींना ताजी तांबोशी मासळी खाऊ घालायची असं मी बोलून बसलो होतो. सामान काढलं, तर पिशवीत एकही शिसं नाही. दुकानाला कुलूप. बाजारात जाऊन यायचं तर भरतीची वेळ टळली असती. मी अंगणात उभा होतो आणि समोर दादाची गाडी उभी होती.

मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पुष्कळ वर्षं मी स्वतःची तशी समजूत घालून पाहिली. त्या तुकड्यांचं काम काय, हे मी मशीनसमोर उभं राहून ऐकलं होतं. पण हातात स्क्रू ड्रायव्हर होता, आणि मनात आलं की एवढ्याशा शिशाने एवढ्या मोठ्या गाडीला काय होणार आहे. मित्र उगाच शून्य शून्य करत असतो. मी चाकांवरच्या प्लास्टिकच्या थाळ्या काढल्या, चारही चाकांवरून मिळून पाच तुकडे उचकटले आणि थाळ्या परत बसवल्या. आतल्या बाजूचे तुकडे हाताला लागत नव्हते, ते राहिले. मित्र परत आला की त्याला सांगून दुसरे लावून घेऊ, असंही मनात होतं. तो शुक्रवारच्या आत येणार नव्हता, हेही मला ठाऊक होतं.

तांबोशी मिळाली. चांगली हातभर. वहिनींनी स्वतः कालवण केलं, दादाने दोनदा भात घेतला. शुक्रवारी पहाटे ते निघाले.

घाटात गाडी हळू होती, तोवर काही जाणवलं नाही. महाडच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, दादाने वेग वाढवला आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. वहिनी घाबरल्या. दादाला वाटलं चाक निखळतंय. तिथून पनवेलपर्यंत त्याने गाडी बैलगाडीसारखी नेली, मागून येणारे ट्रक हॉर्न मारत होते. मुंबईच्या गॅरेजवाल्याने चाकं बघून सांगितलं की बाहेरच्या बाजूला एकही वजन नाही, तुमच्या गावच्या माणसाने अर्धंच काम केलंय. हे सगळं दादाने मला फोनवर सांगितलं. मी ऐकत होतो. त्याच वेळी सांगता आलं असतं. मी विचारलं, वहिनी बऱ्या आहेत ना? आणि फोन ठेवला.

त्या रविवारी मित्र माझ्याबरोबर खडकांवर होता. माझ्या दोराचा गुंता झाला होता आणि गुंता सोडवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. सोडवताना त्याची बोटं शिशावर थांबली. एकच तुकडा उरला होता. त्याने तो अंगठ्याने पुसला. वीसचा आकडा, नवाकोरा.

"हे कुठून आणलंस?"

"मिळालं असंच," मी म्हटलं, आणि त्या शिशावर तांबोशी कशी लागली त्याची गोष्ट रंगवून सांगायला लागलो. त्याने ऐकून घेतली.

गणपतीत दादा आला तो मला गाडीत घेऊन थेट दुकानात गेला. मी शेजारच्या सीटवरच बसून राहिलो. दुकानात चारपाच गिऱ्हाइकं होती, त्यांतली दोन आमच्या वाडीतली. दादा आवाज चढवणारा माणूस नाही. म्हणून ते जास्त वाईट झालं. तुझ्या भरवशावर बायकोला घेऊन निघालो होतो, असं तो म्हणाला. मित्र खाली बसून चाकाचे नट आवळत होता. तो उठून उभा राहिला.

"दादा, चारही चाकं मी शून्यावर आणून दिली होती. दोनदा फिरवून."

"मग वजनं काय वाऱ्याने उडाली?"

मित्राने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. कोणाला कळलंही नसेल. तो आकडा पुसताना त्याचा अंगठा जसा हलला होता, तसा आता पान्यावर हलताना मला दिसला. मी गाडीच्या काचेवरचं पाणी बघत होतो.

"राहिलं असेल माझ्याकडून," तो म्हणाला. "चुकलं, दादा."

दादाने ते मनात धरून ठेवलं, आणि वाडीत त्याचा शब्द चालायचा. वाडीतले मुंबईकर मे महिन्यात गाड्या घेऊन मित्राकडे जायचे, ते हळूहळू दुसरीकडे जायला लागले. मशीन आणलंय पण हात घाईचा आहे, असं बोललं जाऊ लागलं. घाईचा हात! जो माणूस आलेलं शून्यही दुसऱ्यांदा तपासायचा. दुकान काही बंद पडलं नाही, शहर मोठं आहे. पण आमच्या वाडीच्या रस्त्यावरून तो आधी हाका मारत जायचा, तो नंतर सरळ जायला लागला.

गणपतीतल्या त्या दिवसानंतर पंधरा दिवसांनी मी दुकानात गेलो, तेव्हा तो एका बारीक ब्रशने चाकावर पांढरा ठिपका देत होता. अर्धा रिमवर, अर्धा वजनावर. वजन कोणी काढलं तर ठिपका अर्धा राहील आणि बघणाऱ्याला कळेल. निघताना त्याने टेबलाखालून एक डबा काढून माझ्या हातात दिला. शिशाच्या तुकड्यांनी भरलेला. "लागलं की सांग," एवढंच म्हणाला.

त्यानंतर दर दोनचार महिन्यांनी तो डबा भरून यायचा. स्वतः मात्र तो गरवायला यायचा बंद झाला. गुडघे दुखतात म्हणायचा. दुखतही असतील.

आणखी एक सांगायचं राहिलं. वहिनी त्या प्रवासानंतर गाडीत कधी मोकळ्या बसल्या नाहीत. दरवाजाच्या वर जी धरायची कडी असते, ती त्या गाडी सुरू होण्याआधी धरायच्या आणि उतरेपर्यंत सोडायच्या नाहीत. पोरं त्यांना चिडवायची. त्याही हसायच्या, पण कडी सोडायच्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या.

वहिनी गेल्यावर दादा मुंबई सोडून इथे आमच्याकडे राहायला आला. पुतण्याने त्याच्यासाठी एक लहान गाडी इथे ठेवली आहे. दादाला आता नीट दिसत नाही, तेव्हा ती मी चालवतो. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन हातखंब्याकडून परत येत होतो. रस्ता आता चांगला झालाय. वेग सत्तरच्या पुढे गेला आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. मी दादाकडे पाहिलं. त्याचा हात वरच्या कडीवर गेला होता. वहिनींची सवय त्याने कधी उचलली, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"चाकं दाखवून घे," तो म्हणाला. "कुठेही ने. फक्त तुझ्या त्या मित्राकडे नको."

मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. दोघंही समोर बघत होतो. बरं झालं, समोरासमोर बसलो असतो तर जमलं नसतं. मी सगळं सांगितलं. कुलूप, भरती, स्क्रू ड्रायव्हर, खडकावरचा गुंता. मध्ये त्याने एकदाच विचारलं, किती काढलेस? मी म्हटलं, पाच. त्याने मान डोलावली, जणू आकडा बरोबर होता.

"वहिनीला तुझ्या माहीत होतं?"

"नाही."

"तिला सांगायला हवं होतंस," दादा म्हणाला. "ती हसली असती. आणि कडी सोडली असती."

मग तोच म्हणाला, "चल. त्याच्याकडेच चल."

दुकान आता मित्राची मुलगी चालवते. चाळिशीची आहे, हात बापासारखाच. तो दारात प्लास्टिकच्या खुर्चीत बसून असतो, बोटं कापतात म्हणून मशीनला हात लावत नाही. दादाला गाडीतून उतरताना बघून तो धडपडत उभा राहिला. मुलीने त्याला धरलं. दादा पायरीशी थांबला. मी मध्येच बोलायला गेलो, तर दादाने मला हाताने गप्प केलं आणि तो माझ्या मित्राला म्हणाला, "वीस वर्षांपूर्वी इथे उभं राहून मी तुला चार माणसांत बोललो. ते खोटं होतं. मला आत्ता कळलं."

मित्र माझ्याकडे बघून म्हणाला, "सांगितलंस होय शेवटी?" मग दादाकडे वळला. "बसा, दादा. उन्हात का उभे राहिलात? मला वाटलं आणखी कसली तरी तक्रार घेऊन आलात."

मुलीला काही कळेना. "काय झालं, काका?" तिने मला विचारलं. मी पुन्हा सगळं सांगितलं, दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा ते सोपं गेलं असं नाही. त्या दिवशी दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनीही ऐकलं. ऐकावं असंच मला वाटत होतं.

मी मित्राला विचारलं की तो त्या दिवशी बोलला का नाही.

"बोललो असतो तर माझं नाव राहिलं असतं, आणि तुझा भाऊ तुला दुरावला असता," तो म्हणाला. पुढे म्हणाला, "राग नव्हता असं समजू नको. वर्षभर तुझं तोंड बघवत नव्हतं. ठिपके लावता लावता कमी झाला."

"आणि डबा कशाला द्यायचास?"

"तू परत कोणाच्या चाकाला हात घालू नयेस म्हणून, दुसरं काय?"

मुलगी हसली. मग मित्र दादाला म्हणाला, "आणि दादा, तुम्ही पण त्यातले वाटेकरी हां. त्याच शिशावर यान तांबोशी पकडलीन. ती खाल्लीत कोणी?"

दादाने क्षणभर विचार केला, आणि मग तो हसायला लागला. वहिनी गेल्यापासून मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं. चष्मा काढून डोळे पुसत म्हणाला, "दोनदा भात घेतला रे मी."

मुलीने चाकं उतरवली. पुढचं डावं चाक मशीनवर चढवलं तेव्हा मित्र उठला आणि म्हणाला, हे मला दे. तिने त्याला पुढे होऊ दिलं आणि आवळताना फक्त दांडा धरून ठेवला. चाक फिरलं. तीस आणि दहा. आता वजनं शिशाची नसतात, कसल्या तरी हलक्या धातूची असतात. त्याने कापऱ्या बोटांनी बरोबर जागेवर वजन लावलं, मुलीने ठोकून बसवलं. शून्य आणि शून्य. मी श्वास सोडला. त्याने चाक सोडवलं, अर्धा फेरा वळवलं, पुन्हा आवळलं. दादा खुर्चीतून पुढे वाकून बघत होता. पुन्हा शून्य.

मुलीने रंगाची बाटली उघडली.

"मोठा लाव गो ठिपका," मित्र म्हणाला. "हा मेला अजून गरवायला जातो."

गाडी तपासायला तो आमच्याबरोबर आला, मागच्या सीटवर. हातखंब्याच्या दिशेने मोकळा रस्ता लागल्यावर मी वेग वाढवला. साठ, सत्तर, ऐंशी. दादाचा हात कडीवर होता. स्टिअरिंग हातात आहे की नाही कळू नये इतकं शांत होतं. जरा वेळाने दादाने हात खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि बाहेरची आंब्याची कलमं बघत बसला.

परत येताना मागून आवाज आला, "उद्या भरती कितीला लागते रे?"

"सव्वासहाला," मी म्हटलं.

"खडक नको आता. धक्क्यावर बसू. खुर्ची घेऊन ये माझी."

दादाने मागे न वळता विचारलं, "दोन खुर्च्या बसतील का गाडीत?"